फताड्या पायाचा बूट

हौसाने माझा बूट विळीवर कापला, ते आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम.

संध्याकाळ होती. चुलीवर डाळ शिजत होती. मी दिवसभर तंबूंच्या भोवतीचे चर खणून आलो होतो. हौसा माझ्या बायकोचं नाव. ती रोजच्यासारखी माझे गमबूट पायरीवर उलटे करत होती. त्यातून पाणी पडायचं, चिखल पडायचा, एकदा तर बेडकाचं पिल्लू पडलं. बूट जुने, टाचेजवळ चिरलेले. रोज उलटे करताना ती एकच बोलायची, "आज बी निम्मं धरण घिऊन आलासा व्हय?"

त्या दिवशी तिनं माझी करंगळी बघितली. बुटात चेंगरून लाल झाली होती.

"बूट आरुंद, पाय फताडा. दोगातल्या एकानं तरी हटाय पायजे," ती म्हणली. "पाय काय कापता येत न्हाई."

आणि विळी पुढ्यात ओढून बसली. मी बूट धरला, तिनं करंगळीच्या बाजूला आंब्याच्या पानाएवढी लांब चीर दिली. मी ओरडलो, "अगं, आता तर सगळंच पाणी शिरंल की!"

"सकाळी ट्यूबचं ठिगळ लावती. वाईच सैल लावलं की पायाला जागा बी हुईल आन पाणी बी थांबंल. तुमाला मेलं सबुरीच न्हाई."

दुसऱ्या बुटालाही तशीच चीर दिली. मग आम्ही जेवलो. डाळ-भात आणि सुकटीची चटणी.

सकाळी ती उठली नाही.

डॉक्टर म्हणले, झोपेतच काळीज थांबलं. त्यापुढचं मला लिहिता येत नाही, आणि त्यासाठी लिहायलाही बसलो नाही. मी बुटाबद्दल लिहितोय. माझी शाळा चौथीपर्यंत. चुकलं-माकलं तर वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावं. पण ज्याचा पाय माझ्यासारखा फताडा आहे आणि ज्याला पाण्यात उभं राहून पोट भरायचं आहे, त्याला दुकानात कुणी धड काही सांगत नाही. मी त्यासाठी कोयनेपासून मिरजेपर्यंत जाऊन आलो. त्याचा वेळ वाचावा एवढंच.

घर

आमचं घर कोयनानगरच्या वरच्या अंगाला, धरणाच्या पाण्याकाठी. जवानीत मी धरणावर मजुरी केली. अनवाणी डोकी-पाठीवर ओझी वाहिली, नाचणीच्या उतारावर नांगर धरला, आणि पाय भाकरीसारखा पसरला तो पसरलाच. आता आमच्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाटीवर, पाहुण्यांसाठी तंबू लावतो. शहरातली माणसं धुकं बघायला येतात. मी तंबू ठोकायचा, चर खणायचा, रात्री पाहुणे असले की मीही शेजारच्या तंबूत झोपायचं, कारण गवा येतो. हौसा भाकरी करायची. पाहुणे तंबूचं कौतुक कमी आणि भाकरीचं जास्त करायचे.

अग्नी मी दिला. आमच्याकडं अग्नी देणाऱ्यानं दहा दिवस पायात काही घालायचं नाही. मुलगा दिनकर पुण्याहून आला होता. म्हणला, "आबा, तुम्हाला साखर आहे. चप्पल घाला. आई काय रागावणार नाही."

मी म्हणलं, "तुझी आई रागावणार न्हाई म्हणूनच घालत न्हाई."

हट्टाचा दंड भरला. लाल खडीनं करंगळीखाली जखम झाली आणि साखरेच्या पायाची जखम काय असते ते ज्याला आहे त्यालाच कळतं. पाटणला पट्ट्या बदलत महिनाभर गेला. जखम भरली, पण डॉक्टरांनी सांगितलं, पाय परत ओला राहिला आणि करंगळी परत घासली, तर बोट काढावं लागेल.

दिनकरनं फोनवरून बूट मागवले. एक जोड आला, करंगळी आत जाईना. दुसरा आला, पाय आत गेला तो बाहेर येईना. तिसरा नुसता बघूनच परत पाठवला. गणपतीत तो आला तेव्हा पायरीवर बसून म्हणला, "आबा, सरळ बोलतो. पाय कोरडा ठेवणारा बूट मिळाला तर राहा इथं. नाहीतर दिवाळीला मी तुम्हाला पुण्याला नेणार. एकदा बोट गेलं की मग पाय जातो, मी माझ्या ऑफिसातल्या माणसाच्या वडिलांचं बघितलंय."

पोरगा वाईट बोलला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो. पण मला पुण्याला जायचं नाही. का, ते विचारू नका. तिथं पायरी नाही.

गणपती गेले आणि मी निघालो. पिशवीत दोन धोतरं, साखरेच्या गोळ्या आणि हौसाने कापलेले बूट. ते कशाला घेतले असं वाटेत मला दोघांनी विचारलं. घरात एकटे ठेवून निघवेना, दुसरं काय.

कराड

घाटाच्या वळणांबद्दल लिहीत नाही. ज्याला ओकारी होते त्यानं लिंबू घेऊन बसावं.

कराडला कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भेटतात. एक इकडून, एक तिकडून, जशा दोघी बहिणी बाजारात अचानक भेटतात. हौसाची राख मी तेव्हा इथंच सोडली होती. ती सांगलीकडची, कृष्णाकाठच्या गावातली. धरणाचे दरवाजे उघडले की ती दारात उभी राहून पाण्याला सांगायची, "जा बाई, माज्या आईला सांग, मी बरी हाय म्हनून." आई जाऊन किती वर्षं झाली तरी सांगायची. मी हसायचो. ह्या वेळी मी घाटावर थोडा वेळ थांबलो, हसलो नाही, आणि बाजारात गेलो.

दुकान मोठं, काचेचं. एक बाई पुढं आली, गळ्यात दुकानाची पट्टी.

"नंबर काय आजोबा?"

"फताडा."

"असा नंबर नसतो," ती हसली. "बसा. पाय दाखवा." माझा पाय बघून मात्र तिचं हसू थांबलं. "आजोबा, लांबी आठची आहे हो तुमची. पण रुंदी..."

"म्हणून तर आलोय."

बाई भली होती. मला तिनं बऱ्याच गोष्टी शिकवल्या, त्या सांगतो. दोरीच्या बुटाची जीभ बघायची. ती दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली असली तर पाणी अडतं. जीभ सुटी असली तर बूट कितीही भारी असू दे, दोऱ्यांच्या खालून पाणी आत येणार. तळव्याची नक्षी खोल बघायची, उथळ असली तर आमच्या लाल मातीत गुळगुळीत होते. आणि पुढचं तोंड गोल बघायचं, होडीसारखं निमुळतं नको.

पण आठ नंबर चेंगरायचा. नऊही. दहाही. अकरा घातला तेव्हा करंगळी सुटी झाली आणि पुढं मूठभर जागा उरली.

"हाच द्या," मी म्हणलं. "पुढं चिंध्या कोंबीन."

"नका घेऊ आजोबा. पडाल."

"तुमचं काम विकायचं का न विकायचं?"

तिनं मान हलवली आणि बूट बांधून दिला. आमच्या पिढीत सगळे हेच करत आलो. मुलाला बूट घ्यायचा तर दोन नंबर मोठा, पुढं फडकं, वाढत्या अंगाचा. माझं अंग आता वाढत नाही हे ध्यानात आलं नाही. चिंध्या कोंबल्या, बूट घातले आणि ऐटीत गाडीत बसलो.

सांगली

हौसाचा धाकटा भाऊ शिवा सांगलीच्या स्टँडवर न्यायला आला होता. मी खिडकीतून हात केला. गाडी थांबली, मी उतरायला लागलो, आणि बुटाचं ते रिकामं तोंड पायरीला अडकलं. मी थेट चार पायांवर, शिवाच्या पुढ्यात. टोपी त्याच्या चपलेवर.

शिवानं खाली बघितलं. "दाजी," तो म्हणला, "एवडं पाया पडायची गरज न्हवती. मी धाकटा हाय."

रांगेतली माणसं हसली. शिवा हसला. तो मला उठवत होता तेव्हा मीही हसलो, आणि मग हसता हसता त्याचा चेहरा बदलला. त्याची बहीण गेल्यावर आम्ही दोघं पहिल्यांदाच हसत होतो. त्यानं माझी टोपी झटकली, डोक्यावर ठेवली, आणि गाडीवर बसवून घरी नेलं.

इकडची माती काळी. आमची लाल माती पाय घसरवते, ह्यांची पाय धरून ठेवते, सोडतच नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, डोंगर कुठं नाही. मला डोंगर नसला की उघड्यावर जेवायला बसल्यासारखं वाटतं. शिवाच्या घराच्या भिंतीवर माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर पुराची रेघ आहे. दोनदा रंग दिला तरी ती आतून उमटते.

"बगा," शिवा रेघेवर बोट ठेवून म्हणला. "ही तुमची कोयना. तुमी तिकडं दार उगडताय, आन हिथं आमची भांडी तरंगत्यात."

"मी उगडत न्हाई. मी चर खणतो."

"ते बी पानी हिकडंच येतंय की."

शालनवहिनी, म्हणजे शिवाची बायको, आतून म्हणली, "आवं, दाजीस्नी बसू तरी द्या. आल्या आल्या पूर काय काडताय!"

जेवायला ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी आणि वर कच्चा कांदा. आमच्याकडं नाचणी आणि भात. हौसा लग्न होऊन आली तेव्हा पहिलं वर्षभर ज्वारीसाठी रडत होती, हे मला त्या दिवशी शालनवहिनीनं सांगितलं. मला वाटायचं आईसाठी रडते.

जेवण झाल्यावर शिवानं टॉवेल आणि टोपी आणून माझ्या पुढ्यात ठेवली. दुखवटा काढायचा तो माहेरच्यांनी. मी टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला. मग शिवा म्हणला, "आन दाजी, बूट बी मीच घिऊन देतो. चांगला. पैशाचं बगू नका."

शालनवहिनीनं हातातलं ताट खाली ठेवलं. "जोडा द्यायचा न्हाई."

"का?"

"जोडा दिला की मानूस निगून जातं. हितनं आदीच एक गेलंय."

शिवा बूट-बिट विसरून अंगणात गेला. थोड्या वेळानं परत आला आणि खांबाला टेकून म्हणला, "दाजी, खरं सांगू? दिनूचा फोन आलता. म्हणला, मामा, आबास्नी समजवा, तुमचं ऐकतील."

"मग समजाव."

"उद्या बगू," शिवा म्हणला. "उद्या मिरजंला जाऊ. आदी पाय दावू, मग समजवतो."

मिरज

मिरजेत एवढे दवाखाने आहेत की रस्त्यानं चालणारा प्रत्येक माणूस एक तर आजारी दिसतो नाहीतर डबा घेऊन चाललेला. आम्ही पायांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. वयानं आमच्या दिनकरएवढ्या. मोजा काढला तर करंगळी परत लाल. एका दिवसात.

"हे बूट कुणी घ्यायला सांगितले?"

"कुणी न्हाई. नको म्हणून सांगितलं होतं, तरी घेतले."

बाई रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून माझ्या पायाशी बसल्या. लांब बुटात पाय पुढं-मागं सरकतो आणि प्रत्येक पावलाला घासतो, म्हणल्या. साखरेच्या पायाला ते कळत नाही, कळतं तोवर जखम झालेली असते. बूट बघायचा तो संध्याकाळी, कारण दिवसभर चालून पाय फुगतो. बसून नाही, उभं राहून. जाड मोजा घालून. अंगठ्याच्या पुढं बोटाच्या रुंदीएवढी जागा, टाच मागं उचलायला नको, आणि बाजूनं करंगळीला काहीही लागायला नको. मोजे दुपारी बदलायचे. बूट घालण्याआधी आत हात घालून खडा बघायचा. मी त्यांना म्हणलं, "बाई, एवढं तर माझ्या बायकोनं सुदिक सांगितलं न्हवतं." त्या म्हणल्या, "त्यांनी तुमचं बोट इतकी वर्षं जपलं, हे काय कमी आहे?"

साखरेच्या माणसांसाठी चपला करणारे एक इसाकभाई आहेत, त्यांची गल्ली बाईंनी सांगितली. आम्ही चुकून दुसऱ्याच गल्लीत शिरलो. तिथं दारोदारी भोपळे टांगलेले, माणसाच्या डोक्यापेक्षा मोठे. मला वाटलं भाजीचा बाजार. हात लावला तर सुकलेले, पोकळ. आतला माणूस म्हणला, "आजोबा, तंबोऱ्याचे हायत. टिचकी मारून बगा." मी मारली. घराच्या आत कुणीतरी हुंकार दिल्यासारखा आवाज आला. आमच्या मांडवावर हौसाने लावलेले भोपळे आहेत, ते कुणी गायला नेत नाही, आम्ही भाजी करून खातो. इकडच्या भोपळ्याचं नशीब चांगलं.

इसाकभाईंचं दुकान म्हणजे एक जिना आणि जिन्याखालची जागा. म्हातारे, माझ्याच वयाचे. भिंतीला लाकडी पाय लटकवलेले, ज्यावर चामडं चढवून ते जोडा बांधतात. मी कोयनेचं, तंबूंचं, चरांचं सगळं सांगितलं आणि अकरा नंबरचा बूट पुढं ठेवला. त्यांनी उलटापालटा करून बघितला.

"चामडं चांगलं हाय. पर तुमाला काय करायचंय? तंबूत झोपायचंय का पाण्यात हुबं ऱ्हायचंय?"

"दोन्ही."

"मग चामडं नको. कितीबी मेण लावा, कितीबी शिवा, चामडं शेवटी पानी पितं. चार दिवसांच्या सहलीला ठीक. तुमच्या कोयनंच्या पावसात एकदा भिजलं तर दिवाळीपतोर वाळायचं न्हाई. तुमाला रबर पायजे."

"रबरी बूट फताड्या पायाला मिळत न्हाई."

"न्हाई मिळत," इसाकभाई म्हणले. आणि मग त्यांची नजर पिशवीतून डोकावणाऱ्या जुन्या बुटांवर गेली. "ते काय?"

मी काढून दिले. त्यांनी चिरेतून दोन बोटं आत घातली, माझ्या पायाकडं बघितलं, परत चिरेकडं बघितलं.

"कुणी कापलं?"

"बायकोनं."

"विळीवर?"

"व्हय."

इसाकभाई मोठ्यानं हसले. "बराबर जाग्यावर कापलंय की बाईनं! लय आत न्हाई, लय भाईर न्हाई. पर मग ठिगळ कुटं हाय? ठिगळाबिगर हे कापून उपेग काय?"

शिवा म्हणला, "ऱ्हायलं."

इसाकभाईंनी एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. बूट हळूच मांडीवर ठेवला, जसं दुसऱ्याचं मूल ठेवतात. "हां," ते म्हणले. "समजलं."

जुन्या बुटाला ठिगळ लावता येईल का, मी विचारलं. त्यांनी बूट वाकवून दाखवला. बारीक बारीक भेगा उघडल्या. "ह्याचं रबर मेलंय. ठिगळ धरील, बूट धरायचा न्हाई. नवा घ्या, तुमच्या लांबीचा, आठ. शेजारी कारखान्याच्या मजुरांचे बूट मिळत्यात. रबरीच बगा. चकचकीत प्लास्टिकचे असत्यात ते घिऊ नका, त्याला ठिगळ चिकटत न्हाई. मग जिथं बाईनं कापलंय तिथंच कापतो आन सैल ठिगळ घालतो."

"नवा कोरा बूट कापायचा?"

"सदरा सैल करायला कळी घालताना कापड कापत्यात का न्हाई?"

नवा बूट घेऊन लगेच त्याच्यावर हत्यार चालवायचं, हे माझ्या गरीब हाडाला पटत नव्हतं. चुकला तर बूटही गेला, आणि बुटाबरोबर घर, पायरी, सगळं गेलं. मी जुना बूट हातात घेऊन तिची चीर बघितली. सरळ होती. माझी बायको आयुष्यात कधी बुटाच्या दुकानात गेली नव्हती.

"कापा," मी म्हणलं.

इसाकभाई ठिगळासाठी रबराचा तुकडा शोधायला लागले तेव्हा शिवा उठला. "थांबा चाचा. ठिगळ मी आनतो." आणि गाडीला किक मारून गेलासुद्धा.

तासभर आम्ही दोघं म्हातारे बसलो. इसाकभाईंनी चहा सांगितला, दोन कप. मी म्हणलं, मला साखर आहे. ते म्हणले, "माझी बायको जाऊन लय वर्सं झाली. मला एक कप सांगायची सवय लागंना. दोनच येत्यात. दुसरा जो कुणी बसलेला आसंल तो पितो. आज तुमी बसलाय." मी प्यालो. निम्मा.

शिवा आला तो गळ्यात ट्रॅक्टरची फुगवायची काळी ट्यूब अडकवून, हारासारखी. मोठ्या पुरात ह्याच ट्यूबवर बसवून त्यानं म्हातारीला, म्हणजे हौसाच्या आईला, घरातून बाहेर काढलं होतं. नंतर ट्यूब माळ्यावर टाकली, कुणाला फेकू दिली नाही.

"कापा हिच्यातनं," तो इसाकभाईंना म्हणला. मग माझ्याकडं वळला. "बूट तुमचा दाजी. तुमीच घ्या. ठिगळ माझं. ठिगळ दिल्यानं कुनी निगून जात न्हाई."

मी शेजारून आठ नंबरचा रबरी जोड घेऊन आलो. इसाकभाईंनी जुना बूट नव्यावर धरून खडूनं तिची चीर उमटवून घेतली, कापली, ट्यूबचं पान आतून बसवलं, आणि शेजारच्या पंक्चरवाल्याकडून गरम दाब देऊन पक्कं करून घेतलं. ठिगळ गालासारखं फुगलेलं. दिसायला बूट असा की त्याला गालगुंड झालंय. संध्याकाळ झाली होती. पाय फुगलेला होता, म्हणजे वेळ बरोबर. जाड मोजा घातला, उभा राहिलो. अंगठ्यापुढं बोटभर जागा. टाच जाग्यावर. करंगळीला कुणी हात लावला नाही.

इसाकभाईंनी विचारलं, "कसं वाटतंय?"

मी त्यांच्या जिन्याच्या दोन पायऱ्या चढलो आणि उतरलो. न पडता.

कृष्णाकाठ

परत येताना शिवानं गाडी घरी न नेता घाटावर नेली. पाणी गढूळ, पण शांत होतं. खालच्या पायरीवर उतरून मी पोटरीभर पाण्यात उभा राहिलो. शिवानं फोन लावला.

"दिनू, तुझा बा हितं कृष्णंत हुबा हाय आन पाय कोरडा हाय. आता काय समजवू त्याला, तूच सांग." थोडा वेळ ऐकलं. "न्हाई रं, थट्टा न्हाई. तुज्या आईनं कापलंय, मी ठिगळ लावलंय. तुला काय लावायचं ते लाव." आणि फोन माझ्या कानाला दिला.

दिनकर मग म्हणला, "आबा, दुपारी मोजे बदलायचे."

"बदलीन."

"रोज."

"रोज."

"मी दिवाळीला येतो. तुम्हाला न्यायला नाही. राहायला."

फोन ठेवल्यावरही मी पाण्यात उभा होतो. हे पाणी आमच्याकडूनच आलेलं. ती ज्याच्याबरोबर निरोप पाठवायची, ते.

अकरा नंबरचा बूट शिवाला आला. त्याचा पाय काकडीसारखा, लांब आणि निमुळता. पण जोडा द्यायचा नाही ना. शालनवहिनीनं त्यावर उपाय काढला. वाटीभर शेंगदाणे माझ्या पिशवीत ओतले आणि म्हणली, "झाला सौदा. दिला बी न्हाई, घेतला बी न्हाई. इकला."

परत

घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. शेजारी राहणाऱ्या पुतण्यानं कोंबड्या डालल्या होत्या, टोपलीखाली झाकल्या होत्या. मी शेंगदाणे खाल्ले आणि झोपलो.

सकाळी उठलो. पाऊस होताच, आमच्याकडं तो असतोच. हौसाने कापलेले जुने बूट घेऊन मांडवाकडं गेलो. वेलाला चांगले भोपळे लागले आहेत. फळाला दृष्ट लागू नये म्हणून फाटका जोडा टांगतात, ती दरवर्षी माझी चप्पल टांगायची आणि मी चिडायचो. मी दोन्ही बूट सुतळीनं बांधून मांडवाच्या मधोमध टांगले, चिरा रस्त्याच्या बाजूला करून. बघणाऱ्यानं बघावं.

मग नव्या बुटात हात घालून खडा बघितला, मोजे घातले, कुदळ घेतली. रात्रीच्या पावसानं तंबूंचे चर भरले होते. ते उपसले. एका तंबूखाली पाणी शिरत होतं, तिथं गुडघ्याएवढा खड्डा करून वाट काढून दिली. पाणी उतारानं खाली गेलं, धरणाकडं. दुपार झाली तशी घरी आलो.

पायरीवर बसलो. उजवा बूट काढला, उलटा केला, झटकला. काही पडलं नाही. डावा उलटा केला. थेंब नाही. मोजा हातानं दाबून बघितला.

मी दाराकडं बघून म्हणलो, "आज धरण धरणातच हाय गं."

आणि मोजे बदलले.